पाणी कोणाचे आणि हिशेब कोणाकडे?

एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील घराघरांत पाण्याची नवी वार्षिक बिले येऊन पोहोचली. सरासरी बिल एका वर्षात सुमारे १२३ पौंडांनी वाढून ६०० पौंडांच्या पलीकडे गेले होते. लंडनच्या बऱ्याच भागात आणि रेडिंग, ऑक्सफर्ड, स्विंडन या शहरांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना हे बिल ‘थेम्स वॉटर’ या कंपनीकडून येते. यांपैकी काहीजण ब्रिटिश विद्यापीठांत अध्यापन किंवा संशोधन करतात आणि त्यांच्या वेतनातून ‘यूएसएस’ या निवृत्तिवेतन निधीसाठी दरमहा कपात होते. याच निधीकडे थेम्स वॉटरच्या मालकीचा सुमारे एक पंचमांश हिस्सा होता. म्हणजे एखादा मराठी प्राध्यापक एकाच वेळी या कंपनीचा ग्राहक होता आणि अप्रत्यक्षपणे तिचा मालकही.

त्याच्या पदरात काय पडले? ग्राहक म्हणून बिल वाढले. मालक म्हणून, त्याच्या निधीला या गुंतवणुकीचे मूल्य मोठ्या प्रमाणावर कमी करून दाखवावे लागले. आणि नागरिक म्हणून, ज्या नदीकाठी तो फिरायला जातो तिच्यात प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडले जात असल्याचे त्याला वर्तमानपत्रांतून वाचावे लागले. ग्राहक, मालक आणि नागरिक हे तिघेही तोट्यात असतील, तर लाभ झाला कोणाचा? पाण्याच्या खासगीकरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘सरकार की बाजार’ या ठराविक वादात अडकते. इंग्लंडचा छत्तीस वर्षांचा अनुभव या वादाच्या पलीकडचा एक प्रश्न समोर आणतो आणि तो महाराष्ट्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

खासगीकडून सार्वजनिकाकडे आणि पुन्हा खासगीकडे

इंग्लंडमध्ये खासगी पाणीपुरवठा १९८९ मध्ये प्रथमच आला, असे नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनला पाणी पुरवीत होत्या त्या खासगी कंपन्याच. डॉ. जॉन स्नो यांचा पटकीच्या साथीचा अभ्यास वैद्यकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची कथा त्यात अधिक प्रसिद्ध असली, तरी स्नो यांचा मोठा पुरावा दोन कंपन्यांच्या तुलनेतून आला होता. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा शहराच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे हलवली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटर्सी येथून, शहराचे मैलापाणी मिसळलेले पाणी उचलत राहिली. एकाच गल्लीतील शेजारच्या घरांना वेगवेगळ्या कंपन्यांचे नळ होते आणि १८५४ च्या साथीत बॅटर्सीचे पाणी पिणाऱ्या घरांतील मृत्यूंचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. आपल्या नळाला कोणाचे पाणी येते, हे अनेक कुटुंबांना माहीतही नव्हते.

या अनुभवांतूनच पाणी सार्वजनिक हाती आले. जोसेफ चेंबरलेन महापौर असताना बर्मिंगहॅमने १८७६ मध्ये तेथील खासगी पाणी कंपनी ताब्यात घेतली. लंडनमधील आठ कंपन्या १९०४ मध्ये सार्वजनिक मंडळाकडे गेल्या. पुढे १९७४ मध्ये संपूर्ण इंग्लंड व वेल्ससाठी नदीखोऱ्यांच्या आधारे दहा प्रादेशिक जल प्राधिकरणे स्थापन झाली.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये ही दहाही प्राधिकरणे विक्रीस काढली. त्यामागे केवळ वैचारिक आग्रह होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी खर्चावरील मर्यादांमुळे जलवाहिन्या आणि मैलाशुद्धीकरण केंद्रे जुनाट झाली होती, युरोपीय समुदायाचे पाण्याविषयीचे निकष पाळणे भाग होते आणि त्यासाठी लागणारा पैसा सरकारला आपल्या खात्यावर दाखवायचा नव्हता. खासगी भांडवल ही उणीव भरून काढील, अशी मांडणी करण्यात आली. विक्री आकर्षक व्हावी म्हणून सरकारने या प्राधिकरणांचे सुमारे ५ अब्ज पौंडांचे कर्ज माफ केले आणि वर सुमारे १.५ अब्ज पौंड रोख दिले. नव्या कंपन्या जवळजवळ कर्जमुक्त अवस्थेत जन्माला आल्या. पुढची सारी कथा समजून घेण्यासाठी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

नदीपेक्षा बिल मौल्यवान

पाणीपुरवठा हा नैसर्गिक एकाधिकाराचा व्यवसाय आहे. एका रस्त्याखाली दोन कंपन्यांच्या दोन जलवाहिन्या टाकणे परवडत नाही. भ्रमणध्वनीची सेवा आवडली नाही तर आपण दुसऱ्या कंपनीकडे जातो. नळाच्या बाबतीत घरगुती ग्राहकाला ती सोय नाही. म्हणून स्पर्धेची जागा नियामकाने घ्यावी, यासाठी ‘ऑफवॉट’ ही संस्था निर्माण झाली. दर पाच वर्षांनी कंपनीने किती गुंतवणूक करावी, किती दर आकारावा आणि भांडवलावर किती परतावा मिळवावा, हे ऑफवॉट ठरवते.

या व्यवस्थेत एक फट होती. ग्राहक सोडून जाऊ शकत नाही, पाण्याशिवाय कोणाचे भागत नाही आणि दर नियामकाने आधीच मान्य केलेला असतो. वित्तबाजाराच्या दृष्टीने पुढील अनेक वर्षे खात्रीने वाहणारा हा पैशाचा प्रवाह. असा प्रवाह तारण ठेवून स्वस्तात कर्ज काढता येते. कर्जावरील व्याज करपात्र नफ्यातून वजा होते, म्हणून भागभांडवल कमी आणि कर्ज अधिक ठेवणे मालकांना फायदेशीर ठरते. कर्ज जितके जास्त, तितका मालकाचा स्वतःचा पैसा कमी गुंततो आणि त्यावरील परतावा वाढलेला दिसतो. विक्रीनंतरची पहिली पाच वर्षे सरकारकडील विशेष भागामुळे या कंपन्या कोणाला सहजासहजी गिळंकृत करता येत नव्हत्या. ते संरक्षण १९९४ च्या अखेरीस संपले आणि कंपन्या हातोहात फिरू लागल्या. आज मूळच्या दहांपैकी मोजक्याच कंपन्यांचे भाग लंडनच्या बाजारात थेट विकत घेता येतात. उरलेल्यांपैकी बहुतेक परदेशी उद्योगसमूह, पायाभूत सुविधा निधी आणि निवृत्तिवेतन निधी यांच्या मालकीच्या आहेत.

थेम्स वॉटर हे याचे ठळक उदाहरण. जर्मनीच्या आरडब्ल्यूई समूहाने ती २००१ मध्ये घेतली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बँकेच्या पुढाकारातील गुंतवणूकदार गटाकडे ती गेली आणि मॅक्वारीने आपला शेवटचा हिस्सा २०१७ मध्ये विकला. या अकरा वर्षांत कंपनीवरील कर्ज १० अब्ज पौंडांच्या पलीकडे गेले. याच काळात जलवाहिन्यांवरही मोठी गुंतवणूक केली, असा मॅक्वारीचा दावा आहे आणि तो निराधार नाही. पण गुंतवणुकीसाठी कर्ज काढले जात असताना भागधारकांना लाभांशही वाटला जात होता, हेही तितकेच खरे. व्याजदर कमी होते तोवर हे गणित जुळले. कर्जाचा मोठा भाग महागाई निर्देशांकाशी जोडलेला होता. २०२२ मध्ये महागाई भडकली आणि कर्जाचा आकडा आपोआप फुगला.

मार्च २०२४ मध्ये भागधारकांनी ठरलेले ५० कोटी पौंड ओतण्यास नकार दिला. एप्रिलमध्ये थेम्स वॉटरच्या वरच्या ‘केंबल’ या कंपनीला आपल्या कर्जाची देणी भागवता आली नाहीत. सर्वांत मोठा भागधारक असलेल्या कॅनडातील ‘ओमर्स’ या निवृत्तिवेतन निधीने आपल्या हिश्श्याचे मूल्य शून्य धरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ३ अब्ज पौंडांपर्यंतच्या तातडीच्या कर्जास मान्यता दिली. त्यावरील व्याजाचा दर होता ९.७५ टक्के. मे महिन्यात ऑफवॉटने सांडपाण्याविषयीचे आणि लाभांशाविषयीचे नियम मोडल्याबद्दल १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड ठोठावला. जूनमध्ये अमेरिकेच्या केकेआर या गुंतवणूक संस्थेने खरेदीतून माघार घेतली. १ कोटी ६० लाख लोकांची सेवा करणाऱ्या कंपनीचे भवितव्य यानंतर मुख्यतः तिच्या धनकोंशी होणाऱ्या वाटाघाटींवर अवलंबून राहिले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. लाभ झाला तो योग्य वेळी आत येऊन योग्य वेळी बाहेर पडलेल्यांचा. ग्राहकाला बाहेर पडण्याची वाट नव्हती. निवृत्तिवेतन निधी उशिरा आले आणि अखेरीस अडकले. पाणी विकून जितका पैसा मिळतो, त्याहून सहज पैसा पाण्याचे बिल तारण ठेवून मिळतो, हा या प्रयोगातील कळीचा धडा आहे.

काय सुधारले, काय राहिले

तरीही हिशेब एकांगी मांडू नये. खासगीकरणानंतर नळाच्या पाण्याची गुणवत्ता उत्तम राहिली आहे, समुद्रकिनारे पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले आणि १९९० च्या दशकातील उच्चांकाच्या तुलनेत गळती घटली. लंडनखालून जाणारा २५ किलोमीटर लांबीचा थेम्स टाइडवे बोगदा फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला, तोही खासगी भांडवलावरच. बिल थकले म्हणून घरगुती नळ तोडण्यास १९९९ च्या कायद्याने बंदी आहे. नियमन कडक असेल तर खासगी कंपनीकडूनही चांगले काम करून घेता येते, हे यावरून दिसते.

दुसऱ्या बाजूला, पुरवठ्यातील सुमारे एक पंचमांश पाणी अजूनही गळून जाते. गेल्या तीस वर्षांत एकही मोठे नवे धरण पूर्ण झालेले नाही. २०२४ मध्ये इंग्लंडमधील नद्यांत आणि समुद्रात ३६ लाख तासांहून अधिक काळ सांडपाणी सोडले गेले. १९९५ च्या अवर्षणात यॉर्कशर वॉटर या कंपनीला शेकडो टँकर अहोरात्र फिरवावे लागले होते. मराठवाड्याशी परिचित असलेल्या वाचकांना ते चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कनलिफ यांच्या आयोगाने ८८ शिफारशी केल्या आणि त्यांत ऑफवॉट ही संस्थाच रद्द करण्याची शिफारस होती. सरकारने ती स्वीकारली. राष्ट्रीयीकरणाचा विचार मात्र आयोगाच्या कार्यकक्षेतच ठेवला नव्हता.

याच बेटावर दुसरे पर्यायही नांदत आहेत. स्कॉटलंडमध्ये १९९४ च्या स्ट्रॅथक्लाइड जनमत चाचणीत सुमारे ९७ टक्के मतदारांनी खासगीकरणास विरोध केला. तेथे पाणी आजही सार्वजनिक कंपनीकडे आहे. वेल्समध्ये २००१ पासून पाणी कंपनीला भागधारकच नाहीत. जे शिल्लक उरते ते त्याच कामात वळवले जाते. म्हणजे ‘दुसरा मार्गच नव्हता’ हा युक्तिवाद ब्रिटनच्या सीमेतच टिकत नाही.

कोचाबांबा आणि पॅरिस

जगभरातील अनुभवही सरळ रेषेत जात नाही. बोलिव्हियातील कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९ मध्ये अमेरिकेच्या बेक्टेल समूहाशी संबंधित कंपनीकडे गेला. जानेवारी २००० मध्ये दर एकाएकी वाढले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये करार रद्द झाला. खासगीकरणविरोधी चळवळींत हा विजय आजही अभिमानाने सांगितला जातो. त्याचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पाणी पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे आले, तरी शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांना त्यानंतरही दीर्घकाळ टँकरवाल्यांकडूनच महागडे पाणी घ्यावे लागले.

पॅरिसने अधिक विचारपूर्वक पाऊल टाकले. पंचवीस वर्षांचे खासगी करार संपताच, २०१० मध्ये शहराने पाणीपुरवठा स्वतःच्या संस्थेकडे घेतला. पहिल्याच वर्षी सुमारे ३ कोटी ५० लाख युरो वाचले आणि २०११ मध्ये दर ८ टक्क्यांनी कमी झाला. पॅरिसला हे जमले, कारण शहराकडे सक्षम अभियंते होते आणि आपल्या जलव्यवस्थेची माहिती स्वतःच्या हाती होती. कोचाबांबाकडे यांपैकी फारसे काही नव्हते. मालकी बदलली म्हणून क्षमता येत नाही, ती आधी जोपासावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी हा मानवाधिकार असल्याचा ठराव १२२ मतांनी संमत केला. भारताने बाजूने मत दिले. ब्रिटन आणि अमेरिका तटस्थ राहिले. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, कॅलिफोर्नियातील पाण्याच्या दरावर आधारित वायदेबाजार अमेरिकेत सुरू झाला. एकाच दशकात पाणी अधिकारही ठरले आणि सट्ट्याचा विषयही.

महाराष्ट्र: जाहीर न झालेले खासगीकरण

पाणी नियामक प्राधिकरण स्थापणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य. २००५ च्या त्या कायद्याने पाण्याच्या हक्कांचे वाटप आणि हस्तांतर या संकल्पना आणल्या. त्यानंतर अनेक शहरांनी खासगी भागीदारीचे प्रयोग केले. मुंबईतील ‘के-पूर्व’ विभागाची योजना नागरिकांच्या विरोधामुळे बारगळली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘समांतर’ जलवाहिनीचा करार झाला. २०१४ मध्ये खासगी कंपनीने कारभार हाती घेतला, २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला आणि जायकवाडी जवळ असूनही शहर काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावरच राहिले. नागपूरने २०१२ पासून संपूर्ण शहराचा कारभार फ्रान्सच्या वेओलिया कंपनीच्या भागीदारीतील संस्थेकडे पंचवीस वर्षांसाठी सोपवला. जलवाहिन्यांची मालकी महापालिकेकडेच राहिली. काही भागांत सेवा निश्चितच सुधारली, पण साऱ्या शहराला चोवीस तास पाणी देण्याचे उद्दिष्ट ठरल्या मुदतीत गाठता आले नाही.

या जाहीर करारांपेक्षा मोठे खासगीकरण महाराष्ट्रात कोणत्याही कराराशिवाय झाले आहे. ते टँकरने, कूपनलिकेने, वीस लिटरच्या जारने झाले आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला मिळतो. ज्याची विंधनविहीर खोल, त्याचे पाणी. २००९ चा राज्याचा भूजल कायदा या उपशाला आळा घालण्यासाठी आहे, पण गावोगावी त्याची अंमलबजावणी कितपत दिसते, हे आपण गावी गेल्यावर पाहतोच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या शहरात पाण्याचा बाजार आधीच बसलेला होता. त्या बाजाराला ना नियामक होता, ना दरपत्रक.

सार्वजनिक मालकी हीसुद्धा पुरेशी हमी नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा, मोडकसागर, भातसा ही जलाशये महापालिकेच्या किंवा राज्य शासनाच्या अखत्यारीत आहेत. त्यांच्या परिसरातील शहापूर तालुक्यातल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आणि खुद्द मुंबईत, २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे उच्च न्यायालयाला २०१४ मध्ये सांगावे लागले.

या प्रश्नाचे मूळ आपल्या इतिहासात आहे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. १९२३ च्या बोले ठरावानंतर नगरपालिकेने १९२४ मध्ये ते सर्वांना खुलेही केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तेथे ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर न्यायालयात गेलेल्या सवर्णांचा एक युक्तिवाद असा होता, की हे तळे सार्वजनिक नसून खासगी स्वरूपाचे आहे. दहा वर्षांनी उच्च न्यायालयाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. कागदावरची सार्वजनिक मालकी आणि प्रत्यक्ष पोहोच यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे महाराष्ट्राला लंडनकडून शिकण्याची गरज नाही.

करारावर सही होण्यापूर्वी

म्हणून पाण्याच्या कोणत्याही व्यवस्थेला, ती सरकारी असो वा खासगी, काही साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. कर्जाला मर्यादा आहे का, आणि कामे अपुरी असताना लाभांश रोखण्याचा अधिकार कोणाला आहे? वरच्या मालक कंपन्यांसह सर्व हिशेब जनतेला पाहता येतात का? किती पाणी उचलले, किती गळले, किती प्रक्रियेविना सोडले, ही मोजणी कोण करतो आणि ती माहिती कोणाच्या मालकीची आहे? दर न परवडणाऱ्याचे पाणी तुटणार नाही, याची कायद्याने हमी आहे का? करार मोडावा लागला तर शहराकडे स्वतः कारभार चालवण्याइतके अभियंते शिल्लक असतील का? आणि ज्या खोऱ्यातून पाणी येते, तेथील माणसांचा त्यात पहिला वाटा आहे का? इंग्लंडने यांतील पहिल्या तीन प्रश्नांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. महाराष्ट्राने बहुतेक प्रश्न अजून विचारलेलेच नाहीत.

हे प्रश्न आपल्यापुरते तरी दूरचे नाहीत. आपल्या वाचकांत वित्तसंस्थांत काम करणारे आहेत, सल्लागार संस्थांत आहेत, पायाभूत प्रकल्पांचे करार लिहिणारे वकील आणि आराखडे करणारे अभियंतेही आहेत. नागपूर किंवा संभाजीनगरसारख्या शहराच्या पुढच्या करारातील परताव्याचे गणित कदाचित आपल्यापैकीच कोणी लंडन, दुबई किंवा सिंगापूरमधील कार्यालयात बसून मांडील. त्या कोष्टकात व्याजदरासाठी आणि महागाईसाठी रकाना असतोच. गळतीसाठी, तुटलेल्या नळासाठी आणि शहापूरच्या पाड्यासाठीही त्यात रकाना हवा, असा आग्रह त्या खोलीत धरणारे कोणीतरी असले पाहिजे. थेम्सकाठच्या बैठकांत तो आग्रह वेळेवर धरला गेला नाही. त्याची किंमत इथल्या प्रत्येक घराच्या बिलात आता दरवर्षी छापून येते.